मासे-भाताने रक्त आंबट होतं का?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते, वय 56. यजमान 61 वर्षांचे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे. मुलाच्या ओळखीचे एक गृहस्थ अल्कलाइन पाण्याचं मशीन विकतात. त्यांनी घरी येऊन ह्यांची लघवी पट्टीवर तपासली, 5.5 आली. म्हणाले, शरीर ॲसिडिक झालंय, हाडं झिजतायत, कॅन्सरसुद्धा ह्यातूनच होतो. त्यांच्या तक्त्याप्रमाणे मासे, भात, डाळ, दही बंद केलं. रोज दोन शहाळी, पालकाचा रस, लिंबूपाणी आणि सकाळी अनशापोटी पाण्यात खायचा सोडा. तीन आठवडे झाले. ह्यांना थकवा वाटतो, पाय जड वाटतात. ते गृहस्थ म्हणतात, विष बाहेर पडतंय. मला स्वतःला जळजळ होते, शिवाय दोन वर्षांमागे मुतखडा पडला होता. सोलकढी आंबट म्हणून तीही सोडू का? मशीन लाखाच्या वर आहे, घ्यावं का? ह्यांचं क्रिएटिनिन गेल्या वर्षी 1.7 होतं, डॉक्टर लक्ष ठेवा म्हणाले होते.

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात करतो. 61 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.7 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता 45 च्या आसपास, निरोगी किडनीच्या निम्म्यावर. तेही वर्षापूर्वी. अशा किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जड जातं. त्यात टेल्मिसार्टनही पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. ते त्या गोळीच्या कामातूनच होतं, गोळी वाईट आहे असं नाही. आणि ह्या दोन्हींवर तुम्ही रोज दोन शहाळी आणि पालकाचा रस घातलात. शहाळ्याच्या 100 मिलि पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. 300 मिलिचं एक शहाळं धरलं तरी दोन शहाळ्यांचे दीड हजार मिलिग्रॅम झाले, तेही जेवणाखेरीज.

तेव्हा शहाळी, पालकाचा रस आणि सोडा आजच बंद करा. उद्या सकाळी रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन आणि साखर तपासून घ्या. नमुना गावातल्या कलेक्शन सेंटरवर न देता कुडाळ किंवा सावंतवाडीच्या लॅबमध्ये जाऊन द्या. नमुना तासन् तास उन्हातान्हात फिरला की रक्तपेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटाच जास्त दिसतो. सुई टोचताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नये, त्यानेही आकडा चढतो. पोटॅशियम 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवं. 5.5 च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 6 च्या वर असेल तर इस्पितळात ईसीजी काढायला लागतो, कारण इथे गाठ हृदयाच्या ठोक्यांशी असते. आणि रिपोर्टची वाट न बघता निघायची वेळ कधी, तर धडधड, चक्कर, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटणं किंवा नाडी 50 च्या खाली जाणं. टेल्मिसार्टन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

थकवा पोटॅशियममुळेच आहे असं पत्रावरून सांगता येणार नाही. साखर बिघडली असेल, तीन आठवडे डाळ-मासे बंद असल्याने जेवणच तोकडं पडलं असेल. पण ‘विष बाहेर पडतंय’ ह्या उत्तरावर गप्प बसू नका. ह्या उत्तराची सोय अशी की बरं वाटलं तरी ते बरोबर आणि वाईट वाटलं तरी बरोबर.

आता तक्त्याकडे वळू. त्यात खरं किती आणि ओढूनताणून किती, हे कळलं तर पुढच्या वेळी कोणी पट्टी घेऊन आलं तरी तुम्ही घाबरणार नाही.

आम्ल-आम्लारी, म्हणजे ॲसिडिक-अल्कलाइन, अन्नाची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रयोगशाळेत अन्न जाळायचं, उरलेली राख पाण्यात कालवायची आणि ते पाणी आम्ल की आम्लारी ते बघायचं. चुलीतली लाकडाची राख ओली केली की बोटांना बुळबुळीत लागते, कारण तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते आम्लारी आहेत. फळं, पालेभाज्या, कंदमुळं जाळली की तशीच राख मिळते. मासे, मटण, अंडी, धान्य जाळलं तर गंधक आणि फॉस्फरस उरतात, ती राख आम्लाकडे झुकते. शरीरातही ढोबळमानाने असंच होतं. प्रथिनांमधल्या गंधकाचं शेवटी सल्फ्युरिक आम्ल होतं. उलट लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो आणि मागे राहतात ते पोटॅशियमसारखे क्षार. म्हणून जिभेला आंबट लागणारं लिंबू ह्या हिशेबात आम्लारी बाजूला जातं आणि अजिबात आंबट नसलेला भात किंचित आम्ल बाजूला. तुमच्या सोलकढीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं: चवीवरून काही ठरत नाही.

1995 साली रेमर आणि मान्झ ह्या संशोधकांनी ह्याला आकडे दिले. अन्नातली प्रथिनं आणि फॉस्फरस एका बाजूला, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दुसऱ्या बाजूला धरून 100 ग्रॅम अन्नामागे किडनीवर किती आम्ल पडतं ते त्यांनी मांडलं. एकक मिलिइक्विव्हॅलंट. मासे सरासरी 8 च्या जरा खाली, अख्खं अंडं 8 च्या जरा वर, शिजवलेला पांढरा भात 1.7, दूध साधारण 1, म्हणजे जवळपास तटस्थ. केळं उणे 5.5, बटाटा उणे 4, लिंबाचा रस उणे 2.5, पालक उणे 14. बाकी भाज्या सरासरी उणे 3 च्या आसपास. उणे म्हणजे आम्लारी.

ह्यावर तुमचं दुपारचं ताट मोजू. 150 ग्रॅम बांगडा म्हणजे 12 च्या आसपास, अडीचशे ग्रॅम भात म्हणजे सव्वाचार. बेरीज 16. हे फेडायचं तर साधी भाजी अर्धा किलो खावी लागेल. वाचून धक्का बसेल, पण धडधाकट किडनी दिवसाला शरीराच्या वजनामागे, किलोला साधारण एक ह्या हिशेबाने आम्ल बाहेर टाकतच असते. 60 किलोच्या माणसाला 60. एका जेवणाचे 16 तिच्या रोजच्या कामातले आहेत. भाजी वाढवा, जरूर वाढवा. ताटात नुसता मासा, भात आणि वर तळलेला पापड हे काही बरं जेवण नव्हे. पण रक्त आंबट होईल ह्या भीतीने नको.

कारण रक्त आंबट होत नाही. ज्याला पीएच म्हणतात तो सामू, माती परीक्षणाच्या अहवालात येतो तोच, रक्तात 7.35 ते 7.45 ह्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. रक्तातलं बायकार्बोनेट आलेलं आम्ल तिथल्या तिथे झेलतं, फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड काढतात आणि उरलेलं आम्ल किडनी लघवीतून टाकते. फुप्फुसांचा हात किती जलद चालतो बघा: माणूस घाबरून भराभरा श्वास घ्यायला लागला की काही मिनिटांत रक्त आम्लारीकडे सरकतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. आठवडाभर पालक खाऊन असं होत नाही. आणि तसं झालेलं बरंही वाटत नाही, हे ज्यांना असा झटका आलाय त्यांना विचारा.

मग पट्टीवरचे 5.5? लघवीचा सामू 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो आणि सकाळची पहिली लघवी बहुधा 5 ते 6 मध्येच असते. ती आम्ल आहे ह्याचा अर्थ आम्ल बाहेर पडतंय. जेवणानंतर जठर आम्ल बनवतं तेव्हा रक्तात तेवढं बायकार्बोनेट जमा होतं आणि लघवी काही वेळ आम्लारीकडे जाते. विक्रेत्याने सकाळी पट्टी बुडवली आणि पाणी पाजून दुपारी जेवल्यावर पुन्हा बुडवली तर रंग बदललेला दिसतो, आणि श्रेय मशीनला जातं. आणखी एक, ह्या पट्ट्यांना ओल चालत नाही. पावसाळ्यात डबीचं झाकण एक दिवस उघडं राहिलं तरी रंग भलतेच येतात. आणि ‘जितकी आम्लारी तितकी चांगली’ हेही खरं नाही. लघवी सतत 7.5 ते 8 च्या वर असेल तर मूत्रमार्गात काही विशिष्ट जंतूंचा संसर्ग आहे का ते बघावं लागतं.

हाडांचं म्हणाल तर प्रथिनं वाढवली की लघवीतून कॅल्शियम थोडं जास्त जातं हे खरं. त्यावरूनच हाडं विरघळतात ही समजूत पसरली. पुढे नीट मोजल्यावर दिसलं की प्रथिनांबरोबर आतड्यातून कॅल्शियम शोषलंही जास्त जातं. निरोगी माणसात आम्लधर्मी जेवणाने हाडं ठिसूळ होतात हे सिद्ध झालेलं नाही. उलट साठीच्या पुढे प्रथिनं तोडली की स्नायू उतरतात, माणूस पडतो आणि खुबा मोडतो. काट्यासकट चावून खायची मांदेली, नाचणीची भाकरी (100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), ताक, ही तुमच्या घरातली हाडांची सामग्री आहे, आणि तक्त्याने नेमकी त्यातलीच निम्मी बंद केली.

कॅन्सरच्या दाव्यापाठी ओटो वारबुर्ग ह्यांचं नाव घेतात. 1931 चं नोबेल त्यांना पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या कामासाठी मिळालं, आम्लारी आहारासाठी नाही. कॅन्सरच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे निरीक्षण त्यांचंच. म्हणजे गाठीभोवतीचा भाग आम्ल होतो तो गाठीमुळे. आम्लामुळे गाठ होत नाही. बस, त्यापुढे ह्या दाव्यात काही नाही.

इतकं सांगून झाल्यावर एक अपवाद सांगतो आणि तो तुमच्याच घरातला आहे. किडनी मंदावली की आम्ल साचू शकतं, रक्तातलं बायकार्बोनेट 22 च्या खाली जातं, आणि अशा वेळी हाडं-स्नायू खरोखर झिजतात. म्हणूनच यजमानांच्या तपासणीत बायकार्बोनेट लिहिलं. ते कमी निघालं तर डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्याच गोळ्या देतील. ‘मग तो सोडाच की!’ असं मनात येईल. सोडाच, पण मोजून, बीपी आणि पायांची सूज बघून. एक चहाचा चमचा सोड्यात साडेबाराशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला सगळं मिळून 2000 च्या आत ठेवायला सांगते. ‘चिमूट’ प्रत्येक हाताची वेगळी असते.

त्यांच्या जेवणाचं असं करा. मासे पुन्हा सुरू करा, रोज 75 ते 100 ग्रॅम, एका वेळेला. किडनी अशी असताना दिवसाची सगळी प्रथिनं वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास बसवायची असतात. 65 किलोच्या माणसाला साधारण 52 ग्रॅम, त्यातले 15 ते 20 त्या माशातून आले. दुसऱ्या वेळेला मुगाची आमटी किंवा कुळथाची पिठी, पातळच. खारा बांगडा बंदच ठेवा. एखाद्या दिवशी हट्ट धरलाच तर दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाका. भाज्यांमध्ये दुधी, पडवळ, दोडका, कोबी बिनधास्त. बटाटा, सुरण, कणगी लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं, पोटॅशियमचा बराच भाग त्याबरोबर जातो. पोटॅशियमचा रिपोर्ट चांगला आला तर फळं-भाज्या हळूहळू वाढवता येतील, किडनीच्या रुग्णांना त्याचा फायदाही होतो. पण आधी रिपोर्ट. आणि एक गोष्ट दुकानातून चुकून घरात यायला नको: बीपीवाल्यांसाठीचं म्हणून मिळणारं लो सोडियम मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅकसारखी गोळी ते घेत असतील तर तीही डॉक्टरांना सांगा, किडनीला ती शहाळ्याइतकीच, कधी जास्त, महागात पडते.

आता तुमचं. तुमची जळजळ हा वेगळा विषय आहे आणि तक्त्याने तो ह्याच पोतडीत घातलाय. जठराचा सामू दीड ते साडेतीन असतो, असायलाच हवा. त्याशिवाय मासा पचणार नाही. त्रास होतो तो ते आम्ल वर अन्ननलिकेत आल्याने. रात्रीचं जेवण आणि आडवं होणं ह्यात तीन तास ठेवा. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे घाला. उशांची चळत लावू नका, पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. रात्री रव्यात तळलेली तुकडी टाळून तिखलं किंवा आमटी करा, कारण तळण पोटात जास्त वेळ रेंगाळतं. अनशापोटी चहा आणि दातांना मिशरी असेल तर दोन्ही सोडून बघा. घास अडकणं, काळं शौच, आपोआप वजन उतरणं ह्यातलं काही असेल तर घरगुती उपाय नकोत. आणि छातीतली जळजळ घाम किंवा हातात कळ घेऊन आली तर ती पित्ताची समजू नका.

सोलकढी सोडायची गरज नाही. जेवणाअखेर अर्धी वाटी घेऊन जळजळ वाढते का ते आठवडाभर बघा, वाढली तरच थांबवा. यजमानांसाठी ती आगळाची न करता आमसुलं भिजवून करा. आगळात टिकण्यासाठी मीठ भरपूर घातलेलं असतं आणि आपण वरून पुन्हा घालतो. नारळाच्या रसातही पोटॅशियम आहेच, म्हणून त्यांना रिपोर्ट येईपर्यंत नकोच.

तुमच्या मुतखड्यासाठी मात्र लिंबू खरंच कामाचं आहे. त्यातलं सायट्रेट लघवीत उतरतं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे खडा जमायला अडचण येते. दोन मोठ्या लिंबांचा रस दिवसभराच्या पाण्यात विभागून, साखर न घालता, आणि जळजळ असल्यामुळे जेवणानंतर. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास दात घासू नका. सामू 5.5 च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो. पाणी किती प्यायलं ह्यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा. एक दिवस लिटरच्या बाटलीत जमा करून बघा, दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. चैत्र-वैशाखात घामावाटे इतकं जातं की तीन लिटर पिऊनही ती दीडवर येते, आणि खडे नेमके तेव्हाच जमतात.

पालकाचा रस तुम्हीही पीत असाल तर थांबवा. आम्लारी अन्नाच्या यादीत पालक पहिल्या ओळीत असतो, पण त्यात ऑक्झलेट खच्चून असतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. अळू आणि पावसाळ्यातला तेरा (रानअळू) घशाला खाजवतात ते ह्याच ऑक्झलेटच्या सुयांमुळे. अळू खायचंच तर कधीमधी आणि ताकातलं करा, ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडकवतं. खडा झाला म्हणून दूध-ताक बंद करणाऱ्यांचं नेमकं उलटं होतं. खडा तपासला होता का? युरिक आम्लाचा निघाला असेल तर पथ्य वेगळं. तो 5.5 च्या खालच्या लघवीत जमतो आणि तिथे लघवीचा सामू डॉक्टरांच्या औषधाने 6 ते 6.5 च्या आसपास मुद्दाम आणतात. लघवीच्या पट्टीचा घरी खरा उपयोग असलाच तर अशा रुग्णाला.

मशीन घेऊ नका. हिशेब साधा आहे: क्षार नसलेल्या, सामू 9.5 च्या एक लिटर पाण्यात जितकी आम्लारी शक्ती असते, ती जठरातलं सामू दीडचं एक मिलिलिटर आम्ल मारण्यापुरती. एक मिलि, म्हणजे वीस थेंब. पाणी पोटात उतरता उतरताच ती शक्ती संपते.

पैसे पाण्यावरच खर्च करायचे असतील तर आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलं की नमुना कुठे द्यायचा ते कळेल. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी कधी कधी 6.5 च्या खाली येतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 6.5 ते 8.5 आहे. त्याने तुमचं रक्त बिघडत नाही, लोखंडी पाइप आणि पितळी नळ मात्र गंजतात. शरीराला धोका असतो तो अहवालातल्या जंतूंच्या रकान्यात. तिथे दोष निघाला तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम ह्या प्रमाणात चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि निदान अर्धा तास पाणी उपसायचं नाही. पावडरची पिशवी उघडी राहिली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, ती वापरू नका.